हौशाला पाजायची दारू

ट्रॅक्टरला थंडी बाधते, ही गोष्ट सकुबाईने जन्मात पहिल्यांदा ऐकली ती आपल्या पोटच्या पोराच्या तोंडून. दिवाळी सरली होती. भात कापून खळ्यावर भाऱ्यांच्या उडव्या रचून झाल्या होत्या आणि पहाटे चुलीपुढून उठूच नये असं वाटण्याइतका गारठा किन्हवलीच्या त्या अंगाला पडायला लागला होता. हरेश कल्याणच्या एका गॅरेजात कामाला. रोज आसनगावपर्यंत एसटी, पुढे लोकल, आणि घरी यायला रात्र. त्यामुळे रविवारी हा गडी दुपारपर्यंत गोधडीबाहेर पाय काढत नसे. त्या रविवारी मात्र उजाडता उजाडता अंगणात पान्हे वाजायला लागले.

“आये, मोठं घमेलं दे एखादं.”

“कशाला?”

“ट्रॅक्टरचं जुनं पाणी काढायचंय. थंडीच्या आत बदलायला पायजे.”

ओटीवर जयराम, म्हणजे हरेशचा बाप, तंबाखू मळत बसला होता. त्याचा हात थांबला. “पाण्याला थंडी वाजते काय रे? मंग गोधडी घाल की त्याला.”

सकुबाईला हसू आलं. हरेशला नाही आलं. “बाबा, हा ट्रॅक्टर निफाडकडचा. तिकडं थंडीत पाणी गोठाया बघतं, म्हणून त्या माणसानं यात कूलंट, म्हंजे न गोठणारं औषध, भरलेला. आता तो जुना झाला, आतून गंज धरलाय. उद्या भाताची झोडणी लागली, पेंढा वाहायला लागलो, नि भर कामात इंजिन तापून बसलं म्हंजे?”

“बैल नाय तापून बसत,” जयराम म्हणाला आणि तंबाखूची चिमूट दाढेखाली सारली.

हे भांडण घरात नवं नव्हतं. हरेशने पावसाळ्याआधी हा जुना लाल ट्रॅक्टर आणून अंगणात उभा केला, तेव्हापासून बापाने त्याला बोट म्हणून लावलं नव्हतं. दसऱ्याला पोराने ट्रॅक्टरला झेंडूची माळ घातली, तर म्हाताऱ्याने मुद्दाम तिच्याहून मोठी करून आपल्या हौशा बैलाच्या गळ्यात घातली. गोठ्यात बैल दोन होते, पण जयरामच्या लेखी बैल एकच. दुसरा नुसता जोडीला.

घरात मोठं घमेलं म्हणावं असं एकच होतं आणि ते हौशाचं होतं. तांदूळ धुतलेलं पाणी, पेजेचं उरलंसुरलं, भाजीचं पाणी, असलं सगळं सकुबाई त्यात जमवायची आणि सकाळी वर मूठभर कोंडा टाकून हौशापुढे ठेवायची. ते धुवण प्यायल्याशिवाय बैल जागचा हलत नसे. आज घमेलं अजून रिकामंच होतं. तिने ते उचलून पोराच्या हातात दिलं. पुढे कितीदा तरी तिला तो क्षण आठवला, पण तेव्हा त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

हरेशने रेडिएटरचं झाकण सैल केलं, खाली पालथा पडून पाणी सोडायचा कॉक फिरवला. आधी नुसती करंगळीएवढी धार लागली, मग घळघळ पाणी यायला लागलं. पाणी कसलं, हिरवट-तांबूस रंगाचं काहीतरी, जरा बुळबुळीत. त्याला वासही गोडूस येत होता, काकवीचं भांडं विसळल्यासारखा. घमेलं काठोकाठ भरलं. मग त्याने पिंपातलं चांगलं पाणी नळीने आत सोडलं आणि खालून नितळ येईपर्यंत रेडिएटर धुऊन काढला. ते पाणी अंगणाच्या गटारीतून वाहून गेलं. नव्या कूलंटचा हिरवागार डबा शेजारी तयार होता. निम्मं कूलंट, निम्मं पाणी, असं भरलं की काम संपणार होतं. पण रेडिएटरकडून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप पट्टीखाली तडकलेला निघाला.

“किन्हवलीत मिळंल,” तो सायकल काढत म्हणाला. “आये, त्या घमेल्याला हात लावू नको. आलो की खड्ड्यात ओततो.”

सकुबाईने हात लावला नाही. ती आत भाकरी थापत होती. जयराम बैलांना ओढ्यावरून धुऊन घेऊन आला, दोघांना अंगणात मोकळं सोडून दावी आणायला गोठ्यात गेला. हौशा आपल्या रोजच्या जागी गेला. तिथे घमेलं नव्हतं, म्हणून त्याने ते शोधलं. त्याचं स्वतःचंच होतं, ट्रॅक्टरच्या पोटाखाली होतं आणि गोड होतं.

हरेश नवा पाइप घेऊन परत आला तेव्हा घमेलं चाटूनपुसून लखलखीत झालं होतं.

“आये, तू ओतलंस ते पाणी?”

“मी कशाला ओतू? तूच बोललास ना हात लावू नको.”

“बाबा, तुमी?”

“मी त्याच्या वाऱ्याला उभा नाय राहत,” जयराम गोठ्यातून ओरडला.

हरेशचा चेहरा उतरला. त्याने नव्या डब्याची पाठ वाचायला घेतली. तिथे इंग्रजीत बारीक काहीतरी लिहिलं होतं आणि खाली कवटीचं चित्र होतं. सकुबाईला वाचता येत नव्हतं, पण कवटी वाचायला शाळा लागत नाही. 

आणि तेवढ्यात तिने हौशाला चालताना पाहिलं. अंगणातून गोठ्याकडे जाताना बैलाचं मागचं अंग एकीकडे झुकत होतं, पुढचं दुसरीकडे. पाय नको तिथे पडत होता, मग तो थांबून डुलत उभा राहत होता, आणि पुन्हा काही झालंच नाही असं दाखवत दोन पावलं टाकत होता. सकुबाईने ती चाल ओळखली. लग्नानंतरची कितीतरी वर्षं तिने ती चाल रोज संध्याकाळी बांधावरून घराकडे येताना पाहिली होती.

“अगं बाई,” ती म्हणाली, “ह्यो तर प्याल्यावाणी चालतोय.”

हरेशने पाइप तिथेच टाकला आणि सायकल पिटाळली. किन्हवलीच्या बूथवरून त्याने शहापूरला गुरांच्या डॉक्टरांच्या घरी फोन लावला. डॉक्टर मुरबाडकडे गुरांच्या शिबिराला गेले होते. घरच्यांनी तिथला नंबर दिला, आणि नशीब म्हणायचं की ते फोनवर आले. हरेश परत आला तो घामाने निथळत. सांगायचं ते त्याने अंगणात उभ्या उभ्या, बापाकडे न बघता सांगितलं.

“डॉक्टर संध्याकाळपर्यंत येतात सलाइन घेऊन. पण तोवर थांबलं तर मूत्रपिंडं जातील, बोलले. तोवर त्याला पाजायला पायजे.”

“काय पाजायला?” जयरामने विचारलं.

हरेशने आईकडे पाहिलं. “दारू.”



“चेष्टा नाय. ह्या विषाला दारूच अडवते, बोलले. पोटात दारू असली की अंग पयलं दारू जिरवत बसतं, नि ते विष तसंच मुतावाटं निघून जातं. बाटलीभर नाय, चांगला कॅन लागंल. थोड्या थोड्या वेळानं पाजत राहायची. तो मुतला म्हंजे समजायचं वाचला. नाय मुतला तर...”

“बैल मेला तरी चालंल,” सकुबाई म्हणाली. “माज्या घरात ती यायची नाय.”

हे ती रागाने बोलली नाही, भीतीने बोलली. ही भीती कसली ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. वीसेक वर्षांपूर्वी जयराम गावातला पट्टीचा पिणारा होता. ओढ्यापलीकडे धाकलूच्या घरी मोहाची गाळलेली मिळायची, आणि धाकलू त्याचा जिवाचा दोस्त. एका बाजाराच्या दिवशी जयराम पाचेक वर्षांच्या हरेशला बैलगाडीत बसवून किन्हवलीला गेला. परत आली ती नुसती गाडी. बैल आपले आपण रस्ता धरून अंगणात येऊन उभे राहिले, आणि गाडीत पोरगं रडून रडून आवाज बसलेलं. बाप वाटेतच धाकलूकडे उतरला होता. त्या दिवशी सकुबाई हातात कोयता घेऊन ओढा ओलांडून गेली. तिने कोणाला मारलं नाही, पण धाकलूच्या दारातली मडकी एकूण एक फोडली. दुसऱ्या दिवशी जयरामने गळ्यात तुळशीची माळ घातली आणि धाकलूने या अंगणात पुन्हा पाऊल टाकलं नाही.

 जयराम हौशाजवळ गेला आणि त्याच्या वशिंडावर हात ठेवून उभा राहिला. हौशाची आई वितानाच गेली होती. या वासराला जयरामने बोटं दुधात बुडवून बुडवून पाजलं होतं. दारू सुटल्यावर संध्याकाळ खायला उठते, हे पिणाऱ्याच्या बायकोला पिणाऱ्याइतकंच कळतं. जयरामच्या संध्याकाळी आधी भजनात गेल्या, पण त्या खऱ्या भरल्या त्या या बैलाने. त्याचं अंग चोळायचं, गोमाश्या मारायच्या, त्याच्याशी काहीबाही बोलत बसायचं. आता हा मेला तर उद्या दिवेलागणीला जयराम कुठे जाऊन बसेल, हे सकुबाईला कोणी सांगायची गरज नव्हती. दारू घरात आणली तर नवरा जाईल, नाही आणली तर बैल जाईल, आणि बैलामागून नवरा. ती दोन्हीकडून अडकली होती.

“मी आणतो धाकलूकाकाकडून,” हरेश म्हणाला.

“तू नको.” तिने पदर खोचला. “ह्यांनी पण नको. मीच जाते.”

धाकलू दारात उन्हाला बसला होता. पार वाळून गेला होता, खोकत होता. तिला ओढ्यातून वर येताना पाहून तो उठूनच उभा राहिला आणि नकळत दाराशी ठेवलेल्या मडक्यांच्या पुढे आला.

“वैनी, कोयता आणलाव काय?”

“कॅन पायजे,” ती म्हणाली. “कडक असंल ती.”

त्याला पटेना. तिने सगळं सांगितलं. बैलाला दारू म्हटल्यावर तो हसला, मग तिचं तोंड बघून त्याचं हसू गेलं. आत जाऊन त्याने पांढरा प्लास्टिकचा कॅन आणला. “पयल्या धारेची हाय. मी येऊ काय पाजायला? मला सवय हाय.”

“नको.”

“तो...” धाकलू अडखळला. “जयराम बराय ना?”

“बराय.”

“सांगा त्याला,” धाकलू म्हणाला, आणि पुन्हा म्हणाला, “नको, राहूंदे. काय सांगू नका.”

ती गावातल्या वाटेने आली नाही, बांधाबांधाने आली. कॅन पदराखाली धरला होता तरी झाकणातून वास येत होता. तो वास तिच्या ओळखीचा होता. त्या वासात तिची सगळी तरणी वर्षं गेली होती. घराच्या उंबऱ्याशी ती क्षणभर थांबली, मग मनाचा हिय्या करून आत गेली आणि कॅन चुलीमागे ठेवला.

“ऐका,” तिने दोघांना बजावलं. “कॅनला माज्याशिवाय कोणी हात लावायचा नाय. मी तांब्यात ओतून देणार. तांब्यातली नळकांड्यात, नळकांड्यातली बैलाच्या घशात. माज्या डोळ्यांदेखत.”

गुरांना औषध पाजायचं बांबूचं नळकांडं हरेशने हातात घेतलं. हौशाने पहिल्याच झटक्याला मान अशी फिरवली की नळकांडं कुंपणापर्यंत गेलं आणि दारू हरेशच्या शर्टावर. दुसऱ्या खेपेला सकुबाईने शिंग धरलं. बैलाने तिला गव्हाणीवर दाबलं. तिच्या बरगड्या करकरल्या, हरेशने ओढून काढली म्हणून वाचली. कितीही झिंगलेला असला तरी हौशा जयरामशिवाय कोणाला तोंडाला हात लावू देणार नव्हता.

जयराम इतका वेळ लांब उभा होता. आता तो पुढे आला, आणि आधी त्याने गळ्यातली माळ काढली.

“आवं, ती कशाला काढताव?” सकुबाईने विचारलं.

“माळ घालून नाय मी दारू हातात घ्यायचा.” त्याने माळ खुंटीला अडकवली.

सकुबाईला रडावंसं वाटलं. सगळ्या गावात या माणसाला अडवणारी एकच गोष्ट होती आणि ती आता खुंटीला लोंबत होती. पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तिने तांब्या भरला आणि त्याच्या हातात दिला.  

जयरामने बैलाचं तोंड काखेत धरलं, जबड्याच्या कडेने नळकांडं आत सरकवलं आणि कानाशी तोंड नेऊन “पी माज्या राजा, पी” असं काहीतरी पुटपुटत हळूहळू ओतलं. हौशा ठसकला, त्याने डोळे पांढरे केले, पण गिळलं. तांब्या रिकामा झाला की सकुबाई तो लगेच काढून घ्यायची, आत नेऊन पालथा घालायची. थोड्या वेळाने पुन्हा भरायची. पहिल्या खेपेनंतर गावातली दोन-चार माणसं कुंपणाशी जमली. बैल आधीच झिंगलाय, त्याला आणखी कशाला पाजताय, म्हणून कोणी फिदीफिदी हसलं. हरेश त्यांच्या अंगावर धावून गेला तेव्हा ती पांगली.

दुपार कलली. हौशा उभा होता, मधूनच गुडघे टेकत होता, पुन्हा उठत होता. जयराम त्याच्या पोटाखाली बघत बसला होता. हरेशही तिकडेच बघत होता. तीन शहाणीसुरती माणसं एका बैलाच्या मुतण्याकडे डोळे लावून बसली होती, आणि बैल काही मुतत नव्हता. प्रत्येक खेपेला सकुबाई नवऱ्याचे डोळे बघायची, हात बघायची, दारूचा तांब्या त्याच्या तोंडाच्या उंचीला किती वेळ राहतो ते बघायची. जयरामला ते कळत असणार, पण तो बैलावरून नजर काढत नव्हता.

उन्हं खाली गेल्यावर हरेश डॉक्टरांना वाट दाखवायला फाट्यावर गेला. घरात पाण्याचा थेंब नव्हता. सकाळी सगळं पाणी ट्रॅक्टर धुण्यात गेलं होतं. सकुबाईने हंडा घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. कॅनमध्ये अजून चांगली दोन-तीन तांबे दारू उरली होती.

“मी विहिरीवर जाऊन येते,” ती म्हणाली. “आल्यावर पुढची पाजू.”

“बरं,” जयराम म्हणाला.

विहिरीवर तिने कोणाशी बोलून वेळ घालवला नाही. हंडा अर्धा भरला न भरला तोच उचलला आणि जवळजवळ पळत आली. अंगणात येताच तिला कॅन दिसला. चुलीमागे ठेवलेला कॅन गोठ्याच्या दाराशी आडवा पडला होता आणि रिकामा होता. जयराम गव्हाणीला टेकून बसला होता. डोळे लाल, मिशी ओली, शर्ट छातीपर्यंत भिजलेला. सगळ्या गोठ्यात तो वास भरून राहिला होता.

“कुठं गेली?” तिने विचारलं.

“त्याच्या पोटात. मान टाकली त्यानं. डोळं फिरवलं. तुजी वाट बघत बसलो असतो तर गेला असता, म्हणून होती तेवढी पाजली.”

हंडा तिच्या कमरेवरून कधी निसटला ते तिला कळलं नाही. सगळं पाणी तिच्या पायांवरून वाहत गेलं.

“असंच बसला होताव,” ती म्हणाली. “पोरगं गाडीत टाकलंत त्या दिवशी धाकलूच्या दारात असंच बसला होताव. तवा पण बोललाव, येतच होतो. मला वाटलंच होतं. माळ काढलीत तवाच वाटलं होतं. बैलाचं नाव सांगून आपली हौस भागवून घेतलीत.” तिला थांबता येईना. आतापर्यंत दाबून ठेवलेलं सगळं बाहेर येत होतं. “उठा. निघा माज्या घरातून. जा तिकडंच ओढ्यापलीकडं. तो विचारीत होता तुमाला.”

  जयरामने नुसतं तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

तेवढ्यात हौशा धडपडत उठला. मागचे पाय फाकवून, शेपटी वर करून तो उभा राहिला आणि धार लागली. आधी थोडी, थांबत थांबत. मग चांगली जोराची, थांबायचं नाव न घेणारी. गोठ्यातला पेंढा भिजला, चिखल झाला, वाफ निघाली. मुतता मुतताच बैलाचे पाय लटपटले. तो आडवा व्हायला लागला, आणि जयराम एका झेपेत उठून त्याच्या बगलेखाली खांदा घालून उभा राहिला. एवढं मोठं धूड त्याच्यावर कलंडलं होतं, पायाखाली नुसता घसरडा चिखल होता, तरी त्याचे पाय तसूभर हलले नाहीत.

सकुबाई त्या पायांकडे बघत राहिली. प्यालेल्या माणसाचे पाय कसे असतात ते तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? हे तसे पाय नव्हते. तिला समजलं, आणि समजलं तेव्हा सगळं बोलून झालं होतं. तोंडातून गेलेलं एक अक्षरसुद्धा परत घेता येणार नव्हतं.

बैल सावरला, श्वास लागल्यासारखा फुसफुसला आणि स्वतःच्या पायांवर उभा राहिला. जयरामने खांदा काढला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते बराच वेळ वाहत असावं, डोळे त्यानेच लाल झाले असावेत.

“मुतला,” तो म्हणाला.

“हां,” ती म्हणाली. 

तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. “सकू.” तो तिला नावाने कधी हाक मारत नसे. “मी निजलो म्हंजे तू वाकून माज्या तोंडाचा वास घेतंस. रोजच्याला. माळ घातली तवापासून. तुला वाटतं मी निजलेला असतो.”

 ही गोष्ट तिने देवाला सोडून कोणाला सांगितली नव्हती. वीस वर्षं ती दिवा मालवल्यावर, त्याचा श्वास संथ झाला की कोपरावर उठून हळूच तोंडाशी वाकायची, आणि फक्त तंबाखूचा वास आला की निजायची. त्याशिवाय तिला झोपच येत नसे. आणि तेवढा सगळा वेळ हा माणूस डोळे मिटून, हालचाल न करता, तिची तपासणी होईपर्यंत जागा पडून राहत होता.

“मंग बोललाव का नाय कधी?” तिने विचारलं.

“काय बोलू? पोरगं गाडीत टाकून मी उतरलो होतो. तू नाय.” त्याने बाहीने मिशी पुसली. “आज जागेपणी घे.”

आणि तो गुडघ्यात जरा वाकला, तोंड तिच्या तोंडाच्या उंचीला आणलं, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

बाहेर फाट्याकडून जीपचा आवाज येत होता. हरेश कुणालातरी मोठ्याने वाट सांगत होता. सकुबाईपुढे नवऱ्याचं उघडं तोंड होतं, किडलेल्या दाढांसकट. एक श्वास घेतला की झालं असतं. पाय बघून पटलं होतं त्यावर शिक्का बसला असता आणि ती जन्मभर निवांत निजली असती. तिला तो श्वास घ्यावासा वाटला, खोटं कशाला सांगा. फार वाटला.

तिने तळहात त्याच्या तोंडावर ठेवला.

“मिटा ते,” ती म्हणाली. “माशी जाईल.”

त्याच्या मिशीतली ओल तिच्या हाताला लागली. तो डोळे न उघडता तसाच उभा होता, आणि त्याचा ऊन श्वास तिच्या तळव्याखाली थरथरत होता. जीप अंगणात येऊन थांबली तेव्हा तिने हात काढला, नाकाशी न नेता लुगड्याला पुसला, आणि रिकामा हंडा उचलून डॉक्टरांच्या चहाला पाणी आणायला निघाली.